पीएफ हलवला की उचलला: रिटर्नमध्ये कुठं काय लिहायचं

माझा पुतण्या कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कोअर शॉपात (ओतकामासाठी वाळूचे गाभे करतात तिथं) कामाला आहे. परवा तिसरी पाळी संपवून घरी न जाता तो थेट माझ्या दारात आला. डोळे तांबारलेले, हातात मोबाईल. "काकी, ह्ये बघ की. माझं धा हजार पाचशे त्र्याहत्तर रुपयं कापल्यात. आणि पासबुकात दुसरंच कायतरी जमा झालंय. आता इन्कम टॅक्सची नोटीस येणार म्हणं."

हे 'म्हणं' कंपनीच्या बसमधलं. तिथं रोज सकाळी कायद्याचा एखादा तास होतो आणि पोरं माझ्याकडं येतात तेव्हा निम्मी त्यातलंच बोलत असतात. मी त्याला आधी चहा दिला, खारी दिली, आणि मग मोबाईल हातात घेतला.

मी सीए नाही. शिरोलीत एका फाउंड्रीच्या अकाउंट्सला होते. पीएफचं चलन आणि टीडीएसची (पैसे देतानाच कापून घेतलेल्या कराची) रिटर्नं हे माझं काम. आता कोल्हापुरात मंगळवार पेठेत घरी बसून पगारदार माणसांची इन्कम टॅक्स रिटर्नं भरते. जून उजाडला की येणाऱ्या दहातल्या चार जणांचा प्रश्न एकच असतो: नोकरी बदलली, पीएफचे पैसे इकडचे तिकडं झाले, ते रिटर्नमध्ये दाखवायचे का?

उत्तर द्यायच्या आधी मी एकच विचारते. पैसे एका पीएफ खात्यातून दुसऱ्या पीएफ खात्यात गेले, की तुझ्या बँकेत आले? पहिल्याला मी 'हलवला' म्हणते, दुसऱ्याला 'उचलला'. (आमच्याकडं उचल म्हटलं की उसाची पहिली उचल आठवते. इथं तो अर्थ नाही.) लोक दोन्हीला 'पीएफ काढला' असंच म्हणतात आणि घोटाळा तिथून सुरू होतो.

पुतण्यानं एकाच वर्षात दोन्ही केलं होतं. म्हणून त्याचंच उदाहरण घेते, त्याला विचारून.

त्याची हकीकत

पहिली नोकरी शिरोलीत, १ जून २०१९ ते ३१ जुलै २०२२. म्हणजे ३ वर्षं २ महिने. दुसरी गोकुळ शिरगावात, १ ऑगस्ट २०२२ ते ३१ जुलै २०२५, बरोबर ३ वर्षं. मग तीन महिने घरी. नोव्हेंबर २०२५ पासून कागल. यूएएन (पीएफ सदस्याचा कायमचा नंबर) एकच, पण प्रत्येक कारखान्याचं त्याखाली वेगळं खातं, म्हणजे वेगळा मेंबर आयडी.

शिरोलीचा पीएफ त्यानं गोकुळ शिरगावच्या खात्यात कधी हलवलाच नव्हता. घरी बसला होता तेव्हा हप्त्याला पैसे कमी पडले, म्हणून ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यानं गोकुळ शिरगावच्या खात्यातले सगळे पैसे उचलले. कागलला लागल्यावर कुणीतरी शहाणपण शिकवलं आणि जानेवारी २०२६ मध्ये शिरोलीचं जुनं खातं कागलच्या खात्यात हलवलं.

म्हणजे मोबाईलवर त्याला दिसत होत्या त्या दोन गोष्टी वेगवेगळ्या. कापलेले १०,५७३ रुपये उचलीतले. 'दुसरंच कायतरी जमा' हे हलवलेल्या पैशाचं.

स्वतःचं तपासायचं असेल तर पीएफचं पासबुक उघडा. प्रत्येक मेंबर आयडीचं पासबुक वेगळं दिसतं. जुन्या खात्यातून पैसे गेल्याच्या ओळीत क्लेम लिहून पुढं पॅरा आणि आकडा असतो. ५७ असेल तर खातं बदली झालं. ६९ असेल तर पैसे उचलले. हे आकडे १९५२ च्या ईपीएफ योजनेतल्या परिच्छेदांचे आहेत. ६८ दिसलं तर तो नोकरीत असताना घेतलेला अ‍ॅडव्हान्स, त्याचा इथं संबंध नाही. नव्या खात्याच्या पासबुकात 'ट्रान्सफर इन' अशी ओळ येते, त्यात कामगाराचा हिस्सा आणि मालकाचा हिस्सा वेगळा लिहिलेला असतो.

त्या ओळीत पेन्शनच्या रकान्यात शून्य बघून माणसं घाबरतात. घाबरू नका. पेन्शनची रक्कम खात्याबरोबर हलत नाही, नोकरीची वर्षं हलतात. पेन्शन वर्षांवर ठरते.

हलवलेल्या पैशाचं रिटर्नमध्ये काय करायचं

काही नाही. हे ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आयकर कायदा १९६१, कलम १०(१२) आणि चौथ्या अनुसूचीतला नियम ८. मान्यताप्राप्त पीएफमधली (आपला ईपीएफ त्यातलाच) शिल्लक नव्या मालकाकडच्या मान्यताप्राप्त पीएफमध्ये गेली तर ती उत्पन्नात धरत नाहीत. टीडीएस कापला जात नाही. म्हणून २६एएसमध्येही (तुमच्या नावावर कापलेल्या कराची आयकर खात्याकडची यादी) ती रक्कम येत नाही. पगाराच्या फॉर्म १६ मध्ये, म्हणजे कंपनी देते त्या टीडीएसच्या दाखल्यात, नसते, आणि रिटर्नमध्ये तिच्यासाठी रकाना शोधत बसायची गरज नाही. पीएफमधली शिल्लक एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) खात्यात हलवली तरी हीच सवलत आहे.

काही जण ती रक्कम करमुक्त उत्पन्नाच्या यादीत १०(१२) निवडून टाकतात. 'दाखवलेलं बरं, उद्या कुणी विचारलं तर' असा त्यांचा हिशोब. मला तो पटत नाही. त्या यादीत पीएफ 'मिळाला' असं लिहावं लागतं आणि तुम्हाला तर काही मिळालेलं नाही. उद्या खरोखर उचलाल तेव्हा तीच रक्कम पुन्हा दाखवायला लागेल. कागद मात्र जपून ठेवा. खातं हलल्यावर 'अ‍ॅनेक्शर के' नावाचा एक कागद तयार होतो. त्यात जुन्या नोकरीची सुरुवात, शेवट, हलवलेली रक्कम, व्याज सगळं असतं. पूर्वी तो पीएफच्या एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात जायचा आणि आपल्याला दिसायचाही नाही. सप्टेंबर २०२५ पासून सदस्याला स्वतःला पीएफच्या पोर्टलवरून पीडीएफ उतरवून घेता येतो. पुतण्याचा मी त्याच सकाळी उतरवला, एक प्रिंट काढली आणि पिशवीत घातली. का ते पाच वर्षांच्या मुद्द्यात कळेल.

पाच वर्षं

उचललेल्या पैशावर कर आहे की नाही हे सलग पाच वर्षांच्या नोकरीवर ठरतं. पाच भरली असतील तर सगळी रक्कम करमुक्त, मग ती कितीही असो. आणि ह्या पाचात आधीच्या मालकाकडची वर्षं धरली जातात, पण त्या मालकाकडचा पीएफ नव्या खात्यात हलवलेला असेल तरच.

पुतण्याचं गणित बघा. ३ वर्षं २ महिने आणि ३ वर्षं मिळून ६ वर्षं २ महिने. शिरोलीचं खातं त्यानं २०२२ मध्येच गोकुळ शिरगावात हलवलं असतं तर ऑक्टोबर २०२५ ची उचल पूर्ण करमुक्त होती, दमडीसुद्धा कापली गेली नसती. हलवलं नाही, म्हणून त्या खात्याची नोकरी फक्त ३ वर्षं.

"आरं, फॉर्म ११ भरून दिला होतास न्हवं?" मी विचारलं. दिला होता. नवीन नोकरीला लागताना जुना यूएएन कळवायचा तो फॉर्म. पण शिरोलीच्या कारखान्यानं नोकरी सोडल्याची तारीखच भरली नव्हती. ती तारीख नसली की खातं जागचं हलत नाही. त्यानं तिथल्या क्लार्कला तीनदा फोन केला, तीनदा 'उद्या करतो' ऐकलं आणि नाद सोडला. ही तारीख कामगाराला स्वतःला भरता येते. पीएफच्या पोर्टलवर 'मॅनेज'मध्ये 'मार्क एग्झिट' आहे, शेवटचा पीएफ भरून दोन महिने झाले की ते चालतं. आधार ओटीपी येतो आणि काम पाच मिनिटांचं. जानेवारीत त्यानं तेच केलं. पण तोवर मधली तीन वर्षं उचलून झाली होती.

त्याला बोलायला मला तोंड नाही. २०१३ मध्ये मुलगी झाली तेव्हा मी नोकरी सोडली. ४ वर्षं ८ महिने झाले होते. पीएफ उचलला आणि गुजरीत, सराफ बाजारात जाऊन पाटल्या केल्या. पाचाला चार महिने कमी होते आणि त्यावर कर बसतो हे पीएफचं चलन महिन्याच्या महिन्याला भरणाऱ्या मला माहीत नव्हतं. त्या वेळी पीएफवर टीडीएस कापायचं कलम १९२ए नव्हतं, ते जून २०१५ पासून आलं.

पाच वर्षं नसतानाही करमुक्त राहणारे काही प्रसंग कायद्यात आहेत: आजारपणामुळं नोकरी गेली, मालकाचा धंदा बंद पडला किंवा आखडला, किंवा कामगाराच्या हाताबाहेरच्या कारणानं नोकरी सुटली. आपल्या भागात छोट्या फाउंड्र्या बंद पडतात, तेव्हा हे कलम कामाला येतं. कारखाना बंद झाल्याचं पत्र, कामावरून कमी केल्याचं पत्र, दवाखान्याचे कागद, जे असेल ते जपा. स्वतःहून राजीनामा दिला असेल तर 'कारखान्यात वातावरण बरं न्हवतं' हे कारण चालत नाही.

उचललेल्या पैशाचे चार भाग

पुतण्याच्या खात्यात १,०५,७३० रुपये होते. टीडीएस १० टक्के म्हणजे १०,५७३. बँकेत आले ९५,१५७. टीडीएसचा नियम असा: पाच वर्षांच्या आतली उचल आणि रक्कम ५०,००० किंवा जास्त असेल तर १० टक्के. पॅन जोडलेला नसेल तर २० टक्के. वर्षाचा करच शून्य होणार असेल तर अर्जाबरोबर फॉर्म १५जी ('माझ्यावर कर बसत नाही, कापू नका' असं लिहून द्यायचा फॉर्म) लावता येत होता. त्याला ते कुणी सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही.

टीडीएस कापला म्हणजे कर भरून झाला, किंवा तेवढाच कर बसतो, असं नाही. आणि सगळे १,०५,७३० उत्पन्न आहे असंही नाही. रक्कम चार भागांत फोडावी लागते.

त्याचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १६,०००. हिशोब सोपा जावा म्हणून मी तीन वर्षं तोच धरते. तसा फार वाढलाही नव्हता. त्याचे १२ टक्के म्हणजे महिन्याला १,९२०. मालकाचेही १,९२०, पण त्यातले १,२५० पेन्शनला जातात, कारण पेन्शनसाठी पगार १५,००० पर्यंतच धरतात आणि त्याचे ८.३३ टक्के घेतात. म्हणजे मालकाचे पीएफमध्ये ६७०. दोन्ही मिळून महिन्याला २,५९०. छत्तीस महिने.

त्याचा स्वतःचा हिस्सा ६९,१२०. त्यावरचं व्याज ९,२५९. मालकाचा हिस्सा २४,१२०. त्यावरचं व्याज ३,२३१. बेरीज करून बघा, १,०५,७३० येते.

स्वतःचा हिस्सा हा त्याच्याच पगारातून गेलेला पैसा, तो पुन्हा उत्पन्न होत नाही. मालकाचा हिस्सा आणि त्यावरचं व्याज, मिळून २७,३५१, हे पगारासारखं. स्वतःच्या हिश्श्यावरचं व्याज ९,२५९ हे इतर उत्पन्न. म्हणजे कराचा विषय ३६,६१० रुपयांपुरताच. टीडीएस मात्र सगळ्यावर कापला गेला.

आता खरी गुंतागुंत. कायदा म्हणतो, हे ३६,६१० यंदाच्या वर्षात एकदम धरू नका. त्याच चौथ्या अनुसूचीतल्या नियम ९ प्रमाणं मागं जाऊन प्रत्येक वर्षी हा पीएफ मान्यताप्राप्त नसता तर किती कर जास्त बसला असता ते काढा. तो फरक यंदा भरा. रिटर्नमध्ये ह्यासाठी आयटीआर-२ मध्ये इतर उत्पन्नाच्या परिशिष्टात कलम १११ चा तक्ता आहे. रकाने तीन: कर निर्धारण वर्ष (कमाईच्या वर्षाच्या पुढचं वर्ष), उत्पन्नातला लाभ, करातला लाभ. आयटीआर-१ मध्ये हा तक्ता नाही. एरवी साधा पगार असणाऱ्याला आयटीआर-१ पुरतो, म्हणून ह्या वर्षापुरतं मी आयटीआर-२ घेते.

पासबुकावरून वर्षवार मांडणी अशी झाली. २०२३-२४ निर्धारण वर्ष: मालकाचे ७ महिने ४,६९० आणि व्याज ३६९, मिळून ५,०५९. २०२४-२५: ८,०४० आणि २,७०१, मिळून १०,७४१. २०२५-२६: ८,०४० आणि ५,४८८, मिळून १३,५२८. २०२६-२७: ३,३५० आणि ३,९३२, मिळून ७,२८२. एकूण ३६,६१०, वरच्या आकड्याशी जुळलं. पहिल्या वर्षात आठ महिने काम करून सातच हप्ते का, असं तो म्हणाला. मार्चच्या पगाराचा पीएफ एप्रिलमध्ये भरला जातो, तो पुढच्या वर्षात येतो. व्याजाचा दर २०२२-२३ ला ८.१५ टक्के होता, पुढच्या दोन्ही वर्षांना ८.२५. पण व्याज स्वतः काढत बसू नका, पासबुकात वर्षाच्या शेवटी ते लिहिलेलंच असतं. मी फक्त पडताळा घेतला.

करातल्या लाभाच्या रकान्यात चारही वर्षांना शून्य. त्याचा वर्षाचा पगार दोन-सव्वादोन लाख. त्यात दहा-तेरा हजार मिळवले तरी कुठल्याच वर्षी कर बसला नसता. म्हणजे कर शून्य आणि कापलेले १०,५७३ सगळे परत.

"मग कापलंच कशाला?" तो म्हणाला. ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणखी एक खारी दिली.

८०सी घेतलेल्यांसाठी

वर म्हटलं की स्वतःचा हिस्सा उत्पन्नात येत नाही. पण त्या हिश्श्यावर तुम्ही जुन्या करपद्धतीत ८०सी ची वजावट (गुंतवणुकीबद्दल उत्पन्नातून मिळणारी सूट) घेतली असेल, तर नियम ९ च्या हिशोबात ती वजावटही मागं फिरते. पीएफ मान्यताप्राप्त नसता तर ती मिळालीच नसती, हा त्यामागचा विचार.

आमच्या गल्लीतली एक मुलगी पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करते. चार वर्षांनी नोकरी बदलली आणि मधल्या काळात पीएफ उचलला. मूळ पगार ४०,०००, म्हणजे तिचा हिस्सा वर्षाला ५७,६००. ती २० टक्क्यांच्या टप्प्यात. सेस धरून वर्षाला ११,९८१ रुपयांचा वाचलेला कर आता भरावा लागणार असं सगळ्यांनी तिला सांगितलं. मी तिची जुनी रिटर्नं काढून बघितली. एलआयसी आणि पीपीएफ मिळूनच तिचे दरवर्षी दीड लाख भरत होते. ८०सी ची मर्यादा दीड लाखाचीच, म्हणजे पीएफचा हिस्सा बाजूला काढला तरी वजावट तेवढीच राहते. त्या हिश्श्यानं तिचा एक रुपयाही कर वाचला नव्हता, मग फिरणार काय? मालकाचा हिस्सा आणि व्याज ह्यावर मात्र तिला प्रत्येक वर्षाचा कर भरावा लागला. तेव्हा उचल केलेल्यानं मागच्या सगळ्या वर्षांची रिटर्नं समोर ठेवूनच बसावं. मोठी रक्कम असेल, मधल्या वर्षांत करपद्धत बदललेली असेल, तर हे काम सीएकडून करून घ्या. त्याची फी सुटते.

रिटर्न भरताना

आयकर खात्याच्या पोर्टलवर आधी २६एएस आणि एआयएस (तुमच्या व्यवहारांची खात्याकडची यादी) उघडा. उचलीची नोंद १९२ए कलमाखाली दिसते. टीडीएस पगारातून कापलेल्यांच्या यादीत शोधू नका, तो पगाराव्यतिरिक्तच्या टीडीएसच्या तक्त्यात येतो आणि त्याचं प्रमाणपत्र फॉर्म १६ए असतं. पुतण्या फॉर्म १६ मागायला कागलच्या एचआरकडं जाऊन आला होता. त्यांचा ह्याच्याशी काय संबंध!

मग एक गोष्ट मी न चुकता करते. २६एएसमध्ये मिळालेली रक्कम १,०५,७३० आहे. रिटर्नमध्ये कुठं ना कुठं तेवढ्याच रकमेचा हिशोब लागला पाहिजे: ३६,६१० कलम १११ च्या तक्त्यात, उरलेले स्वतःच्या हिश्श्याचे ६९,१२० करमुक्त उत्पन्नाच्या परिशिष्टात 'इतर'मध्ये, शेजारी दोन शब्दांचं वर्णन. टीडीएस मागितला आणि उत्पन्न दाखवलंच नाही तर टीडीएसचं क्रेडिट अडतं. बसमधल्या पोरांच्या नोटिशीत तेवढं तथ्य आहे.

ज्यांची पाच वर्षं भरली आहेत, जुनं खातंही हलवलेलं आहे, तरी टीडीएस कापला गेला, त्यांचं वेगळं. पूर्ण रक्कम करमुक्त उत्पन्नात १०(१२) निवडून लिहायची आणि टीडीएस सगळा परत मागायचा. विचारणा झाली तर दाखवायला तो अ‍ॅनेक्शर के. आयटीआर-१ मध्येही ही नोंद करता येते.

कलमांचे आकडे जुन्या कायद्यातले का सांगतेय, असं कुणी विचारेल. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आहे आणि त्यात कलमांची मांडणी नवी आहे. पण ३१ मार्च २०२६ ला संपलेल्या वर्षाचं रिटर्न जुन्याच कायद्यानं भरायचं.

शेवटची तारीख ३१ जुलै. रिफंड हवा असलेल्यानं बँक खातं पोर्टलवर आधी व्हॅलिडेट करून घ्यावं. खात्यावरचं नाव आणि पॅनवरचं नाव अक्षराला अक्षर जुळलं पाहिजे. पुतण्याच्या बँकेत वडिलांचं नाव मधे होतं, पॅनवर नव्हतं. मिरजकर तिकटीजवळच्या बँकेत जाऊन ते दुरुस्त करायला दोन खेपा झाल्या. रिटर्न सबमिट केल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करायचं. आधार ओटीपीनं लगेच होतं.

त्याचा ओटीपी यायला तयार नव्हता. आधारला जोडलेला नंबर वहिनींच्या जुन्या मोबाईलचा निघाला आणि तो मोबाईल त्यांनी दळण आणायला जाताना बरोबर नेला होता. गिरणीत त्यांना फोन लावून आकडे वाचून घेतले. पहिल्या वेळी वेळ संपली, दुसऱ्या वेळी लागला. पुतण्या तोवर माझ्या सोफ्यावर घोरत पडला होता. उठवलं आणि पोचपावतीची प्रिंट अ‍ॅनेक्शर केच्या पिशवीत घातली. पिशवीवर त्याच्या हातानं तिन्ही कारखान्यांचे मेंबर आयडी आणि लागल्या-सोडल्याच्या तारखा लिहून घेतल्या.